मंगळवारची फाईल

संगीता आमच्या पुंडलिकनगरच्या घरी राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी, पाच-सहा किलो ज्वारीचं पीठ आणि आत्यानं बांधून दिलेला येसराच्या मसाल्याचा डबा एवढंच सामान होतं. पेटी माझ्या कॉटखाली गेली, पीठ डब्यात ओतलं गेलं आणि येसराची आमटी आईनं त्याच संध्याकाळी केली. अण्णांनी भाकरी कुस्करून दोन वाट्या आमटी संपवली आणि म्हणाले, "ताईच्या हातची चव आली बघ पोरीबरोबर." बोलून चालून साधं वाक्य. बहिणीची आठवण आली म्हणून बोलले असतील. पण मी बावीस वर्षं त्याच घरात त्यांच्या शेजारी बसून जेवत होते आणि माझ्याबरोबर कसलीच चव कधी आली नव्हती. त्या दिवशी पोटात जे दुखायला लागलं ते पुढं सहा महिने थांबलं नाही. आज पन्नाशी जवळ आली तरी अधूनमधून कळ येतेच. मत्सर हा शब्द मला फार पुस्तकी वाटतो. मी सरळ जळत होते.

संगीता माझ्या आत्याची, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. कन्नड गावच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली आणि कॉम्प्युटरचा क्लास करायला आमच्याकडं आली. तिचे वडील साखर कारखान्यात कामाला. त्यांना आम्ही काकाच म्हणायचो. तिला सोडायला आले तेव्हा त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातूनच सांगितलं, "दिवाळीपर्यंत ठेवतो. नोकरी लागली तर राहील हितं, नायतर घेऊन जातो आन् उरकून टाकतो." उरकायचं होतं ते तिचं लग्न. गंमत अशी की ज्या घरात त्यांनी हे सांगितलं, त्या घरात दिवसभर लग्नांशिवाय दुसरा विषयच नसायचा.

कारण अण्णा वधू-वर मंडळ चालवायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि आमच्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींची नोंदणी सुरू केली. मुलींची लाल वही, मुलांची निळी. त्यांच्या फॉर्मवर पत्रिकेचा रकाना नव्हता. त्या जागी "सध्या काय वाचता?" असा रकाना होता, आणि तो बहुतेक जण कोरा सोडत. अण्णा तो कोरा रकाना पाहून मान हलवायचे आणि तरीही नोंद करून घ्यायचे. कन्नड, गंगापूर, पैठण, कुठून कुठून माणसं यायची. फोटोची पाकिटं, चहाचे कप, "जयभीम सर, आमच्या पोराचं काय झालं?" असे आवाज सकाळी नऊपासून सुरू व्हायचे. स्वयंपाकघरात आईचा स्टोव्ह विझायचाच नाही. त्यात चार-पाच दिवसांनी एकदा नळ येई. मग पाहुणा कितीही महत्त्वाचा असो, अण्णा स्वतः उठून पिंप सरकवत आणि घरभर बादल्यांचा खणखणाट होई.

या सगळ्यात माझी अशी एकच जागा होती, ती म्हणजे कोपऱ्यातला सेकंडहँड कॉम्प्युटर. मी क्रांती चौकाजवळच्या एका क्लासला जाऊन शिकले होते, आणि शेवटच्या पंधरा दिवसांत आमच्या सरांनी घाईघाईनं वेबसाइट करायची पीएचपी भाषा शिकवली होती. तेवढ्या भांडवलावर मी मंडळाची वेबसाइट केली. डेटाबेस नावाची चीज असते हे ऐकून माहीत होतं, येत नव्हती. म्हणून सगळी नावं मी एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहिली. एका माणसाला एक ओळ. आधी नोंदणी क्रमांक, मग नाव, गाव, शिक्षण आणि शेवटी पासवर्ड, मध्ये उभ्या रेघा. आज माझ्या हाताखालची मुलं असं काही करताना सापडली तर मी त्यांना उभं करून झापीन. पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहून ठेवायचे नसतात, हे आता शाळकरी पोरांनाही कळतं. पण तेव्हा आख्ख्या औरंगाबादेत मंडळाची वेबसाइट करणारी पोरगी मी एकटीच, अशी माझी समजूत होती आणि ती मोडायला कुणी आलं नव्हतं.

पासवर्डचा मुहूर्तही अण्णांनीच काढला. मी म्हणाले, प्रत्येकाला वेगळा देऊ. ते म्हणाले, "विसरतात लोकं. मग फोन कोण घेईल? सगळ्यांना एकच दे. मेल्याशिवाय कुणी विसरणार नाही असा." मग मी इंग्रजी अक्षरांत जयभीम लिहिलं, दीडशे ओळींच्या शेवटी दीडशे वेळा. विसरलं कुणीच नाही, पण फोन मात्र यायचेच, की सर, भीमच्या आधी वाय आहे का आय? अखेर कॉम्प्युटरला कधी हातही न लावलेली माझी आई पोळी लाटता लाटता आतून ओरडायची, "वाय म्हणावं, वाय!"

आणि मग ही आली. मी सहा महिन्यांत शिकले ते संगीतानं दोन महिन्यांत गिळलं, तेही माझ्याच वहीतून. माझी वही ती उशाला घेऊन झोपायची. सकाळी मी उठायच्या आत तिनं पिंपं भरलेली असायची, आईच्या डोक्याला तेल लावून झालेलं असायचं, आणि अण्णांना पेपर वाचून दाखवणं चाललेलं असायचं. अण्णांचे डोळे तेव्हा चांगले होते हो! त्यांना वाचता येत होतं. पण तिच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडायचं, कारण ती मध्येच थांबून "मामा, ह्ये खरं वाटतं का तुमाला?" असं विचारायची आणि मग दोघं अर्धा तास वाद घालायची. मला पेपरातलं काही खोटं वाटू शकतं हे कधी सुचलंच नव्हतं. पुढच्या खोलीतून अण्णांचं हसणं ऐकू आलं की मी आत उगाच भांडी आदळायची. आई म्हणायची, "अगं हळू, काय राग काढायलीस त्या पातेल्यावर?"

तिच्यावर रागवायची सोयही नव्हती. टाकून बोललं तरी हसायची. तिचा टंकलेखनाचा आवाज माझ्याहून वेगळा होता. माझा थांबत थांबत यायचा, तिचा एकसलग. मी कॉटवर डोळे मिटून पडले तरी कळायचं की आता ती बसली आहे आणि खुर्चीवरून उठायचं नाव घेणार नाही. चूक आली की ती चिडायची नाही, "आली का बया" म्हणायची आणि पुन्हा सुरू. मला चूक आली की मी कॉम्प्युटर बंद करून टाकायची. हा फरक अण्णांनी कधी बोलून दाखवला नाही. दाखवला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

दसऱ्याच्या सुमारास ते पेढ्यांचं प्रकरण झालं. गंगापूरच्या एका बाई तणतणत अण्णांच्या टेबलापुढं येऊन बसल्या. त्यांच्या मुलीच्या खात्यात कुणी टवाळ शिरला होता आणि तिच्या नावानं चार मुलांना "पसंत" कळवून मोकळा झाला होता. शिरायला काय लागत होतं? नोंदणी क्रमांक यादीत छापलेला आणि पासवर्ड सगळ्यांचा तोच. त्यातलं एक कुटुंब रविवारी पेढे घेऊन त्यांच्या दारात. "मला माहीत नाय, पोरीला माहीत नाय, आन् ते म्हणायलेत तारीख काढा!" बाई रडत होत्या आणि चिडतही होत्या. अण्णांनी हात जोडले. माझ्या वडिलांनी कुणापुढं हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. बाई गेल्यावर ते बराच वेळ लाल वही पुढ्यात घेऊन बसले, मग त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं.

दिवाळीआधीच्या रविवारी मंडळाचा मेळावा होता. अण्णांनी ठरवलं, त्या दिवशी हॉलमध्ये कॉम्प्युटर ठेवायचा आणि प्रत्येकानं स्वतः येऊन आपला पासवर्ड बदलायचा, सगळ्यांच्या देखत, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. शिवाय मेळाव्याला एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष येणार होते. त्यांच्या कॉलेजात कॉम्प्युटर विभागात एक जागा निघाली होती आणि त्यांनी अण्णांना सांगितलं होतं की तुमच्या घरात दोन पोरी हे काम करतात, त्यातली एक द्या, काम मेळाव्यात बघतो. अण्णा म्हणाले, "सुजाता, तुझं काम लोकांनी बघितलंय. पासवर्ड बदलायचं पान संगीताला करू दे. तिचंही लोकांना दिसू दे. मग मी एक नाव सांगीन." ते शाळामास्तर होते, त्यांच्या मनात दोघींना सारखी संधी द्यायची होती. मी मात्र ऐकलं ते इतकंच की नाव ठरलेलं आहे. जागा मिळाली तर संगीता शहरात राहणार होती, आमच्या घरात, माझ्या खोलीत, कदाचित जन्मभर. नाही मिळाली तर काका तिला रविवारीच न्यायला येणार होते.

मंगळवारी दुपारी तिनं मला हाक मारली. पान तयार होतं. तिनं पडताळणीसाठी दहा खोट्या नावांची एक फाईल केली होती, आणि त्या दहा जणांना तिनं हौसेनं दहा वेगळे पासवर्ड दिले होते, आंबा, पेरू, चिंच असे. आंब्याचा नारळ केला, फाईल उघडून दाखवली, बरोबर. चिंचेची बोरं केली, बरोबर. "सुजे, जरा बग ना," ती उठून मला खुर्ची देत म्हणाली, "काय चुकलंय का? तुला जास्ती कळतं त्या फाईलीतलं."

मी वाचायला घेतलं आणि दहाव्या-बाराव्या ओळीला मला ते दिसलं. क्रमांक ती नीट तपासत होती, जुना पासवर्डही नीट जुळवून बघत होती. पण बदल करताना मात्र तिनं त्या माणसाची ओळ न घेता आख्खी फाईल घेतली होती, आणि जुना शब्द जिथं जिथं असेल तिथं तिथं नवा घाल असं एका ओळीत सांगून टाकलं होतं. आंबा एकाच ओळीत होता म्हणून एकच बदलला. खऱ्या फाईलीत जयभीम दीडशे ओळींत होतं. पहिल्या माणसानं आपला पासवर्ड बदलला की दीडशे जणांचा बदलणार होता, आणि तो त्या एकट्याशिवाय कुणालाच माहीत नसणार होता.

मी सांगणार होते. हे मी माझ्या बाजूनं म्हणून लिहीत नाही, पण खरं आहे ते खरं. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात पुढच्या खोलीतून, फॉर्मवरून नजरही न उचलता, अण्णा म्हणाले, "तिला काय विचारतेस गं? तुझं बरोबरच असणार."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "चांगलं झालंय."

तिचा चेहरा असा काही फुलला की मला उठून जावं लागलं. ती क्लासला गेल्यावर मी त्याच खुर्चीवर बसून तेच पान माझ्या पद्धतीनं लिहिलं. फाईल ओळीओळीनं वाच, क्रमांक जुळला की त्याच ओळीतला शेवटचा शब्द बदल, बाकीच्या ओळी जशाच्या तशा ठेव, सगळं जोडून परत लिही. तासाभरात झालं. आयुष्यात इतकं नीट काम मी त्याआधी केलं नव्हतं. एका फ्लॉपीवर घेतलं आणि फ्लॉपी पर्समध्ये टाकली. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी मी तिच्या शेजारी झोपले, तिच्या हातचे धपाटे दह्याशी खाल्ले, आणि रोज स्वतःला सांगितलं की उद्या सांगू. रविवारी सकाळी निघायच्या आधी मी खऱ्या फाईलीची एक प्रतही त्याच फ्लॉपीवर काढून ठेवली. त्यानंतर मी स्वतःला काही सांगणं सोडून दिलं.

कॉम्प्युटर रिक्षातून हॉलवर नेला. मॉनिटर आईच्या मांडीवर, की-बोर्ड संगीताच्या, आणि मी पुढं ड्रायव्हरच्या कडेला. तो सारखा मागं बघून आईला म्हणत होता, "खाला, टीव्ही टाइट पकडो, आगे बहोत गड्ढे है." संगीता हसत होती. तिनं आत्याची मोरपंखी साडी नेसली होती, पहिल्यांदाच. हॉलमध्ये त्रिशरण-पंचशील झालं, अध्यक्षांचं भाषण झालं, अण्णांनी झाल्या प्रकाराची जाहीर माफी मागितली आणि म्हणाले, "आता प्रत्येकानं आपली किल्ली आपल्या हातानं करायची. ही माझी भाची, संगीता. हे काम तिनं केलंय." टाळ्या पडल्या. काका मागच्या दाराशी उभे होते. त्यांनीही वाजवल्या, दोनच, पण वाजवल्या.

पहिला आला गंगापूरचा एक तरुण शिक्षक. त्यानं इकडं तिकडं बघत, हात आडवा धरून नवा शब्द टाकला. "तुमचा पासवर्ड बदलला आहे" असं आलं. पुन्हा टाळ्या. दुसरी एक नर्स होती. तिनं जयभीम टाकलं आणि पडद्यावर आलं, "पासवर्ड चुकीचा आहे." संगीता म्हणाली, "ताई, परत टाका, वाय आहे बगा." परत चुकीचा. तिसऱ्याचा चुकीचा. चौथ्याचा चुकीचा. रांगेतून कुणी म्हणालं, "काल तर उघडत हुतं की." मग एक जाडसा माणूस मोठ्यानं बोलला, "परत घुसलंय कुणीतरी आत! आता आमच्या पोरींच्या नावानं पण पेढे येतील दारात!" आणि हॉल उसळला. बायका उठून टेबलाकडं आल्या. गंगापूरच्या त्याच बाई अण्णांकडं बोट करून काही तरी ओरडत होत्या. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. संगीताचे हात की-बोर्डवर होते आणि हलत नव्हते. ती पडद्याकडं बघत नव्हती, रांगेतल्या एकेका चेहऱ्याकडं बघत होती.

मी लगेच पुढं झाले असते तरी खूप झालं असतं. मी थांबले. सात माणसांचा चुकीचा येईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. मग अण्णांचा चेहरा दिसला. स्टेजच्या पायऱ्या उतरताना त्यांचा तोल गेल्यासारखं झालं. तेव्हा मी धावले. संगीताला म्हणाले, "सरक," आणि फ्लॉपी घातली.

आधी मी बिघडलेली फाईल उघडून बघितली. दीडशे ओळींच्या शेवटी जयभीमच्या जागी एका मुलीचं नाव होतं. त्या शिक्षकानं तिचं नाव पासवर्ड म्हणून टाकलं होतं, आणि ती मुलगी आमच्या वहीत नव्हती. मी ते कुणाला सांगितलं नाही. जुनी प्रत परत ठेवली, माझं पान चढवलं आणि नर्सबाईंना म्हणाले, "या." बदलला. पुढच्याचा बदलला. त्या शिक्षकालाही परत बोलावून बदलायला लावला. पाच मिनिटं लागली असतील. माणसं हळूहळू परत रांगेत उभी राहिली, मघाचा जाडसा माणूस "अस्सं पाह्यजे" म्हणाला, आणि अध्यक्षांनी अण्णांना विचारलं, "ही कोण?" अण्णा म्हणाले, "माझी मुलगी. सुजाता." बावीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं, आणि ते ऐकताना माझ्या खांद्यामागं कुणाचा तरी श्वास लागत होता. संगीता वाकून पडद्याकडं बघत होती. फ्लॉपीवरच्या फाईलींची यादी उघडीच राहिली होती, नावापुढं वार आणि वेळ.

"मंगळवारी तर मी तुला विचारलं हुतं," ती म्हणाली. एवढंच, आणि इतकं हळू की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसलो. काका मुक्कामाला थांबले होते, सकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन जायचं त्यांनी कुणाला न विचारता ठरवलं होतं. आईनं येसराची आमटी केली होती. अण्णा जेवता जेवता थांबले. शाळेत चाळीस वर्षं कॉपी पकडलेला माणूस तो. म्हणाले, "सुजाता, एवढ्या लवकर कसं जमलं तुला? प्रत काढलेली, पान लिहिलेलं. तुला आधी माहीत होतं का?"

मी ताटाकडं बघत राहिले. बोलली ती संगीता.

"व्हय मामा, तिला माहीत हुतं. मंगळवारीच सांगितलं हुतं तिनं मला, की ह्यानं सगळ्यांचेच बदलतील. मीच म्हणलं, नाय होत तसं काय. तिनं बिचारीनं मग माझ्यासाठी म्हणून दुसरं लिहून ठेवलं."

काका म्हणाले, "लई शाणी झालीस ना शहरात येऊन." अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि संगीताला म्हणाले, "ऐकायचं असतं पोरी दुसऱ्याचं." ती "व्हय" म्हणाली आणि त्यांच्या वाटीत आमटी वाढली. मला बोलायला अख्खं जेवण पडलं होतं. मी जेवले.

सकाळी स्टँडवर काका चौकशीच्या खिडकीपाशी गेले तेव्हा आम्ही दोघीच पेटीजवळ उभ्या होतो. मी विचारलं, "तसं का सांगितलंस?" खरं तर मला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते असं, वरच्या पट्टीत, जणू तिनंच काही गुन्हा केला होता.

"तुझ्यासाठी नाय," ती म्हणाली. "काल चारचौघांत मामांची लेक उभी राहिली. घरी येऊन ती पडलेली त्यांना दिसायला नको हुती." मग तिनं पेटी उचलली. "आन् मामीच्या हातचं सहा महिने खाल्लंय. फिटलं म्हण."

गाडी कन्नडची पाटी लावून उभी होती. काकांनी खिडकीतून जागा धरली. ती चढली आणि खिडकीतून तिनं हात केला तो माझ्या मागं, रिक्षा स्टँडजवळ उभ्या असलेल्या अण्णांना.

जागा मला मिळाली. अजून तिथंच आहे, आता विभाग माझ्याकडं आहे. संगीताचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. कन्नडला पंचायत समितीच्या समोर तिचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मागं एका लग्नाला गेले तेव्हा मुद्दाम रिक्षा तिकडून घ्यायला लावली होती. दुकानाबाहेर रांग होती. आत ती एका म्हाताऱ्याला काही समजावून सांगत होती आणि तो म्हातारा हसत होता. मी उतरले नाही. माझ्या विभागात कुणी माझ्याशी बोलताना असं हसत नाही, हे मी रिक्षात बसल्या बसल्या मोजत होते. लग्नाकार्यात भेटते ती, "बरी हायस का सुजे?" विचारते, माझ्या मुलाची चौकशी करते. त्या मंगळवारचा शब्द तिनं कधी काढला नाही, आणि तिनं काढावा म्हणून मी वाट बघते असं कधी कधी वाटतं.

अण्णा गेल्या वर्षी गेले. शेवटचे काही महिने पुढच्या खोलीतच त्यांची कॉट होती, टेबल होतं त्या जागी. दिसणं जवळजवळ थांबलं होतं. मी रजा टाकून दुपारी त्यांना पेपर वाचून दाखवायची. मी न थांबता वाचायची आणि ते न बोलता ऐकायचे. एका दुपारी मध्येच म्हणाले, "सुजाता, मला एक गोष्ट अजून पटत नाही बघ. ती संगीता. एवढी हुशार पोरगी, एवढी ऐकणारी. तू सांगितलंस आणि तिनं ऐकलं नाही, असं होईल का?"

मी पेपर खाली ठेवला. आई झोपली होती. जागे आम्ही दोघंच होतो, आणि ते रागावणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. त्या वयात माणूस कशाला रागावतो? सगळं ऐकून घेतलं असतं आणि मग म्हणाले असते, केवढ्या मनाची पोरगी ती! नजर गेलेल्या त्या डोळ्यांत पाणी आलं असतं, तिच्यासाठी. ते मला दिसत होतं, अगदी समोर घडल्यासारखं. तेवढं मला तिला द्यायचं नव्हतं.

"नाही ऐकलं तिनं, अण्णा," मी म्हणाले, आणि पुढची बातमी वाचायला घेतली.